बाळाच्या हाताला काय द्यावे? जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या खेळण्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बावीस वर्षे मी बालवाडीत शिकवते आहे आणि बालवाडीला जोडून असलेल्या पाळणाघराचे कामही पाहते. बारसे, उष्टावण किंवा पहिला वाढदिवस जवळ आला की आई-बाबा, आजी-आजोबा, कधी एखादी आत्या किंवा मामा खेळण्यांविषयी विचारायला येतात. त्यांच्याकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न आणि मी त्यांना देत आलेली उत्तरे येथे सविस्तर लिहिली आहेत.

‘शिकवणारे खेळणे’ म्हणजे नेमके कोणते?

खोक्यावर ‘शैक्षणिक’ असे छापलेले असले म्हणून खेळणे शिकवणारे ठरत नाही. दुकानात खेळणे हातात घेतल्यावर मी एवढेच पाहते, की यात बाळाला स्वतःच्या हाताने करण्यासारखे किती आहे. कळ दाबली की खेळणेच नाचत असेल, गात असेल आणि दिवे लावत असेल, तर बाळाच्या वाट्याला फक्त बघणे उरते. उलट एक साधी वाटी आणि तिच्यात टाकायला तीन मोठे लाकडी ठोकळे दिले, तर उचलणे, नेम धरणे, सोडणे, आवाज ऐकणे, वाकून आत पाहणे आणि पुन्हा बाहेर काढणे ही सगळी कामे बाळाचीच असतात.

आमच्या पाळणाघरातील अकरा महिन्यांच्या एका मुलीच्या हाती एकदा स्टीलचा छोटा डबा लागला. तिने झाकण आधी उपडे ठेवले, ते बसेना. तिने ते तळहाताने दाबले, मग एका कडेने ढकलले, तर ते घसरून खाली पडले. ते उचलताना तिच्या हातात आपोआपच सुलटे आले आणि डब्यावर टेकताच ‘टक्’ असा आवाज झाला. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि लगेच झाकण ओढून काढले. त्यानंतर कितीतरी वेळ तिचे तेच चालले होते. शेवटच्या काही खेपांना तर ती झाकण डब्यावर टेकवण्यापूर्वीच हवेत फिरवून सुलटे करू लागली होती. ही समज तिला कोणी सांगून आलेली नव्हती, ती तिच्या बोटांनी शोधून काढली होती, आणि खेळण्याकडून मला अपेक्षा असते ती एवढीच.

कोणत्या वयाला काय द्यावे?

खोक्यावरील वय सुरक्षिततेसाठी पाहावे. बाकी निवड बाळाचा हात सध्या काय करू लागला आहे ते पाहून करावी.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटर अंतरावरचे सर्वांत स्पष्ट दिसते. मांडीवर घेतलेल्या बाळापासून आईचा चेहरा साधारण तेवढ्याच अंतरावर असतो, त्यामुळे या काळातले सर्वांत मोलाचे खेळणे म्हणजे घरातल्या माणसांचे चेहरे आणि त्यांचा आवाज. पाळण्यावर चिमणाळे टांगण्याची आपल्याकडची पद्धत चांगली आहे. मात्र ते बाळाच्या हाताला लागणार नाही इतके उंच आणि पक्के बांधलेले असावे, आणि बाळ हाता-गुडघ्यांवर उठू लागले की काढून ठेवावे. जागेपणी, कोणी जवळ बसलेले असताना, बाळाला थोडा थोडा वेळ पोटावर पालथे ठेवावे आणि त्याच्यासमोर ठसठशीत नक्षीचे कापड किंवा रंगीत चेंडू मांडावा.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून बाळ वस्तूकडे हात नेऊ लागते आणि मिळेल ते तोंडात घालते. या वयात तोंड हेच तपासण्याचे मुख्य साधन असल्यामुळे बाळाला सारखे अडवू नये; त्याऐवजी तोंडात गेले तरी चालेल असेच खुळखुळे आणि कापडी चेंडू हाताशी ठेवावेत. सहा महिन्यांच्या आसपास वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ लागते, म्हणून मुठीत मावणाऱ्या आणि दोन्ही हातांनी धरता येतील अशा कड्या उपयोगी पडतात.

आठ-नऊ महिन्यांपासून पुढचा काळ मला सर्वांत आवडतो. दृष्टीआड झालेली वस्तू नाहीशी झालेली नसून कुठेतरी आहे, हे बाळाला याच सुमारास कळू लागते. चेंडू दुपट्याखाली लपवला तर ते दुपटे ओढून चेंडू शोधते आणि ‘कुठे गेला, कुठे गेला? भॉ!’ हा खेळ त्याला पुरता पुरत नाही. अंगठा आणि तर्जनी यांची चिमूट याच काळात जमू लागते. हातातली वस्तू मुद्दाम खाली टाकण्याचा नाद लागतो तोही आताच, आणि तो हट्ट नसून पडणे म्हणजे काय याची तपासणी असते. बाळाला डबा आणि त्यात टाकायच्या वस्तू द्याव्यात, आणि मोठ्यांनी त्या उचलून पुन्हा हातात देण्याची तयारी ठेवावी.

वर्षानंतर भरणे, ओतणे, रचणे, पाडणे, ओढणे आणि ढकलणे सुरू होते. सव्वा वर्षाच्या सुमारास पुष्कळशी मुले दोन ठोकळे एकावर एक ठेवतात आणि दोन वर्षांची होईपर्यंत सहाच्या आसपास ठोकळ्यांचा मनोरा रचतात. थोडे मागे-पुढे झाले तर घाबरू नये. दोन वर्षांनंतर लुटुपुटुचा खेळ बहरतो आणि बाहुलीला जेवू घालणे, फडक्याने पुसणे, कणकेच्या गोळ्याची पोळी लाटणे यांत मूल तासन्‌तास रमते.

घरातल्या वस्तू खेळायला दिल्या तर चालतात का?

चालतात, आणि पुष्कळदा विकतच्या खेळण्यांपेक्षा त्याच अधिक आवडतात. बसू लागलेल्या बाळासमोर एका बुटक्या टोपलीत लाकडी डाव, स्टीलची वाटी, सुती रुमाल, गोल लोकरी गुंडा, स्वच्छ धुतलेला मोठा गुळगुळीत शंख आणि नारळाच्या करवंटीची घासून गुळगुळीत केलेली वाटी अशा वेगवेगळ्या स्पर्शाच्या, वजनाच्या आणि तापमानाच्या आठ-दहा वस्तू ठेवून पाहाव्यात. स्टील गार लागते, लाकूड तसे लागत नाही. करवंटी वाजते, रुमाल वाजत नाही. सगळी खेळणी एकाच प्रकारच्या प्लास्टिकची असली, तर हा फरक बाळाच्या हाताला कधी कळतच नाही.

घरातली वस्तू देण्याआधी तिची धार, टोक, सैल खिळा आणि सुटणारा तुकडा तपासावा. ॲल्युमिनियमची जुनी, पत्रा निघालेली भांडी, खडबडीत झालेल्या लाटण्या आणि काचेच्या बरण्या टोपलीत नकोत. टोपली समोर असेपर्यंत मोठ्या माणसाने शेजारी बसावे, पण सारखे सुचवत राहू नये. ‘असे नाही, असे कर’ हे वाक्य या खेळात कुठेही लागत नाही.

लाकडी खेळणी घ्यावीत की प्लास्टिकची?

लाकूड म्हणजे चांगले आणि प्लास्टिक म्हणजे वाईट, अशी सरळ विभागणी करता येत नाही. जाड, एकसंध, वास न येणारे आणि मानकात बसणारे प्लास्टिक सुरक्षित असते व धुवायलाही सोपे जाते; उलट स्वस्त रंग फासलेले, कुसळे निघणारे लाकूड घातक ठरते. तरीही दोन्ही समोर असतील तर मी लाकूड निवडते, कारण त्याला वजन असते आणि हातातल्या वस्तूचे वजन कळणे हा बाळाच्या शिकण्याचा भाग आहे.

कर्नाटकातील चन्नपट्टणची खेळणी आता महाराष्ट्रातही सहज मिळतात. हलके, पांढरट लाकूड लेथवर फिरत असतानाच त्यावर लाखेची रंगीत कांडी टेकवली जाते. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते आणि पृष्ठभाग गुळगुळीत, चकचकीत होतो. या कलेला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. आपल्या सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी खेळणी आणि हुबेहूब रंगवलेली फळे हे कोकणचे वैभव आहे आणि ती घरात असावीत असे मला मनापासून वाटते. मात्र त्यांतील पुष्कळ वस्तू मांडून ठेवण्यासाठी केलेल्या असतात, म्हणून तोंडात घालणाऱ्या बाळासाठी घेताना रंग कोणता वापरला आहे हे कारागिरालाच विचारावे. दोन वर्षांच्या पुढच्या मुलाच्या भातुकलीच्या बाजारात तीच फळे फार शोभतात.

जुने लाकडी खेळणे घरीच रंगवण्याचा मोह टाळावा. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा अधिक नसावे असा नियम भारतात २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, परंतु घरात पडून असलेले जुने डबे त्यापूर्वीचे असू शकतात, आणि शिसे लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला अपाय करते.

खेळण्यावर आयएसआय चिन्ह असणे आवश्यक आहे का?

होय. भारतात १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना हे चिन्ह बंधनकारक आहे, मग ते खेळणे देशातले असो वा आयात केलेले. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो; साध्या खेळण्यांसाठी तो आयएस ९८७३ आणि विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्यांसाठी आयएस १५६४४ असा असतो. चिन्हाखाली ‘सीएम/एल’ या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो आणि तो ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर घालून खरा की खोटा हे पाहता येते. विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदणी झालेल्या कारागिरांनी बनवलेल्या खेळण्यांना आणि भौगोलिक मानांकनाच्या नोंदणीकृत उत्पादनांना या अटीतून सूट आहे, त्यामुळे हस्तकलेच्या प्रदर्शनातल्या खेळण्यावर चिन्ह दिसले नाही म्हणून ते बेकायदा आहे असे समजू नये. जत्रेतल्या किंवा सिग्नलवरच्या बिनचिन्हाच्या झगमगीत प्लास्टिकची गोष्ट वेगळी. ते तान्ह्या बाळासाठी घेऊच नये.

घशात अडकण्याचा धोका कसा ओळखावा?

मला रात्रीची झोप लागू न देणारा प्रश्न हाच आहे, म्हणून उत्तर थोडे लांबवते.

तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांची तपासणी करताना ३१.७ मिलिमीटर व्यासाचे एक छोटे नळकांडे वापरतात. खेळणे किंवा त्याचा सुटलेला तुकडा त्यात पूर्ण मावला, तर ते त्या वयासाठी अयोग्य ठरते. घरी जाड कागदाची साधारण चार सेंटिमीटर व्यासाची नळी करून हीच परीक्षा घेता येते. नळी थोडी मोठी ठेवली म्हणजे आपण सुरक्षित बाजूला राहतो. चेंडू मात्र गोल असल्यामुळे घशात घट्ट बसतो, म्हणून तो साडेचार सेंटिमीटरहून निश्चितपणे मोठा हवा. गोट्या, मणी, चिंचोके, सागरगोटे आणि बाहुलीचे टिकल्यांसारखे चिकटवलेले डोळे या वयाला वर्ज्य समजावेत. ओढायच्या खेळण्याची दोरी वीतभरापेक्षा लांब असेल तर ते चालू लागलेल्या मुलालाच द्यावे, आणि तेही आपण समोर असताना.

यांहून भयंकर म्हणजे नाण्यासारख्या चपट्या बटन बॅटऱ्या. ही बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद होणारेच हवे, नखाने उघडणारे नको. आमच्याकडे एकाने भेट म्हणून आणलेल्या गाणाऱ्या बदकाचे झाकण दीड वर्षाच्या मुलाने फरशीवर आपटून उघडले आणि तीन बॅटऱ्या घरंगळत कपाटाखाली गेल्या. तिन्ही मोजून हाती लागेपर्यंत माझे हातपाय गार पडले होते. बॅटरी गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवत बसू नये, ताबडतोब रुग्णालय गाठावे. एकापेक्षा अधिक छोटी चुंबके पोटात गेली तर आतड्यांची घडी पकडून बसतात, तेव्हा तोच नियम तिथेही लागू आहे. पाण्यात फुगणारे रंगीत मणी आणि फुटलेल्या फुग्याचे तुकडेही घरात ठेवू नयेत.

येथे बोरन्हाणाविषयी लिहिणे मला भाग आहे. संक्रांतीनंतर बाळाला हलव्याचे दागिने घालून त्याच्या डोक्यावरून बोरे, हरभरे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे, गोळ्या ओतायच्या आणि आजूबाजूच्या मुलांनी त्या वेचायच्या, हा सोहळा मला अतिशय प्रिय आहे. परंतु ज्याच्यासाठी तो करायचा, त्याच्याच वयाला शेंगदाणा, हरभरा आणि बोराची बी सर्वांत धोक्याची असते, आणि गडबडीत बाळाने मूठ केव्हा तोंडात नेली हे कोणाच्या लक्षात येत नाही. फुलांच्या पाकळ्या आणि छोटे कापडी चेंडू ओतले तरी बाळ तितकेच हरखते. खाऊ मोठ्या मुलांच्या हातात नंतर द्यावा आणि हलव्याचे दागिने फोटो होताच उतरवावेत.

बोलणारी, गाणारी, दिवे लागणारी खेळणी लवकर बोलायला शिकवतात का?

तसे दिसत नाही. अमेरिकेतील नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठात दहा ते सोळा महिन्यांच्या मुलांचे पालकांबरोबरचे खेळणे नोंदवले गेले, तेव्हा इलेक्ट्रॉनिक खेळण्यांशी खेळताना पालक स्वतःच कमी बोलले आणि मुलांचे हुंकारही कमी झाले. पुस्तके आणि साधे ठोकळे यांच्याबरोबर बोलणे वाढले. अनुभवही हेच सांगतो. खेळणे बोलू लागले की माणसे गप्प बसतात. शिवाय या खेळण्यांची भाषा बहुधा इंग्रजी असते, तर बाळाला आधी हवी असते ती घरातली भाषा, तीही त्याच्या डोळ्यांत पाहून बोललेली. तबला वाजवणारे यंत्र घेण्यापेक्षा उपडे पातेले आणि लाकडी डाव द्यावा, आणि आपण ‘अडगुलं मडगुलं’ म्हणावे.

मोबाइलवरची ‘शैक्षणिक’ ॲप्स खेळणी या सदरात मी धरतच नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला दोन वर्षांपर्यंत पडदा नको असा आहे; दूरच्या आजी-आजोबांशी अधूनमधून होणारी व्हिडिओ कॉलवरची भेट तेवढी अपवाद.

चालायला शिकण्यासाठी वॉकर घ्यावा की पांगुळगाडा?

बाळाला मध्ये बसवून चाकांवर फिरवणारा वॉकर घेऊ नये. त्यात बाळ पायाच्या चवड्यांवर ढकलत राहते, तोल सांभाळायला शिकत नाही, आणि जिना किंवा गॅसपर्यंत क्षणात पोहोचते. कॅनडाने २००४ सालीच त्याच्या विक्रीवर बंदी घातली.

पांगुळगाड्याची गोष्ट निराळी आहे. त्यात बाळ स्वतः उभे असते, स्वतःचे वजन पेलते आणि गाडा पुढे ढकलते. एक काळजी मात्र हवी: सारवलेल्या जमिनीवर त्याची चाके हळू फिरत, आताच्या गुळगुळीत फरशीवर तो सरकन पुढे पळतो आणि बाळ तोंडावर आपटते. गाड्याच्या पुढच्या दांडीवर दोन-तीन किलो तांदळाची घट्ट शिवलेली पिशवी बांधली, चाकांना कापडाची पट्टी लावली आणि बाळाला अनवाणी ठेवले, की वेग आटोक्यात राहतो.

‘माँटेसरी खेळणी’ या नावाने विकली जाणारी महागडी साधने घ्यावीत का?

मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह सुरू केले, तेव्हापासून हाताने हाताळायच्या साधनांवर त्यांचा भर होता. १९३९ साली त्या भारतात आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत येथेच राहिल्या. मात्र ‘माँटेसरी’ हे नाव कोणीही खोक्यावर छापू शकतो, त्यामुळे त्याची वेगळी किंमत मोजण्याचे कारण नाही.

महाराष्ट्राला यापुढचा मार्ग ताराबाई मोडक यांनी दाखवून दिला. १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी अनुताई वाघ यांच्यासह वारली मुलांसाठी बालशिक्षणाचे काम केले, तेव्हा परदेशी महाग साधनांच्या जागी परिसरातले दगड, शिंपले, पाने आणि बिया आणल्या. तत्त्व तेच ठेवून साधन आपल्या अंगणातले घेता येते, हे त्या कामातून मी शिकले. तीन वर्षांखालच्या मुलासाठी त्या यादीतून बिया आणि लहान शिंपले वगळावेत आणि दगड मुठीपेक्षा मोठे घ्यावेत, एवढाच बदल मी करते.

एका वेळी किती खेळणी बाहेर ठेवावीत?

चार ते सहा. अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठातील अभ्यासकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३६ लहान मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळण्यांसह खेळू दिले. चारच असताना मुले एकेका खेळण्याशी अधिक वेळ आणि अधिक तऱ्हांनी खेळली. उरलेली खेळणी कपाटात ठेवून आठ-दहा दिवसांनी अदलाबदल करावी. महिनाभर न दिसलेला चेंडू बाळाला नव्यासारखाच वाटतो. वाढदिवसाला येणाऱ्या भेटींचा ढीग एका संध्याकाळी फोडू नये.

मुलाने भातुकली खेळली तर चालेल का?

चालेल, आणि खेळावीच. ओतणे, ढवळणे, वाढणे हे हाताचे कौशल्य आहे. त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. मुलीलाही गाडी आणि हातोडी तितक्याच आनंदाने द्यावी.

बाळ कोणत्याच खेळण्याकडे लक्ष देत नाही. काळजी करावी का?

पुष्कळदा खेळणे वयाला अवघड असते किंवा समोर फार पसारा असतो, म्हणून आधी एकच सोपी वस्तू देऊन, शांत खोलीत, आपण खाली जमिनीवर बसून पाहावे. मात्र काही खुणा दिसल्यास थांबू नये. नऊ-दहा महिन्यांचे बाळ वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात घेत नसेल, वर्षाच्या आत ते सतत एकच हात वापरत असेल, खुळखुळ्याच्या आवाजाकडे वळत नसेल किंवा पूर्वी येत असलेली गोष्ट करेनासे झाले असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून अंगणवाडीतील मुलांची तपासणी होते आणि गरज पडल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. ही सेवा विनामूल्य आहे. ‘आमच्याकडे सगळेच उशिरा बोलले’ असे म्हणून महिने घालवलेले पालक मी पाहिले आहेत आणि त्यांची हळहळही पाहिली आहे.

भावंडांची जुनी खेळणी वापरता येतील का, आणि ती स्वच्छ कशी ठेवावीत?

वापरता येतील, पण आधी एकेक तपासून. तडा गेलेले प्लास्टिक, पोपडे सुटणारा रंग, उसवलेली शिवण आणि सैल चाक असलेली वस्तू दुरुस्त होत नसेल तर टाकून द्यावी. थोरल्याच्या बारीक तुकड्यांच्या खेळण्यांसाठी उंच फळी ठरवावी आणि ती खेळायची जागा टेबलावर ठेवावी. लाकडी खेळणी पाण्यात भिजत घालू नयेत, ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडी करावीत. कापडी खेळणी साबणाने धुऊन उन्हात वाळवावीत. पावसाळ्यात ती आतून ओलसर राहतात, तेव्हा पूर्ण वाळल्याखेरीज बाळाला देऊ नयेत. दाबल्यावर पिपाणीसारखी वाजणारी रबरी खेळणी आंघोळीच्या पाण्यात नेली तर आत पाणी साचून बुरशी धरते. तशी खेळणी दाबून फडक्यावर काळे पाणी येते का ते पाहावे, आणि आले तर ती फेकून देऊन आंघोळीसाठी एक छोटे तांब्या-भांडे द्यावे.